मासिकातला दादा

शिरोळच्या कुस्ती मैदानात आज भाच्याचा गुडघा निखळला. तो दवाखान्यात पोहोचायच्या आत त्याच्या पडण्याचा व्हिडिओ आमच्या फोनवर आला.

त्याचा बाप, म्हणजे माझा दादा, असाच पडला होता. त्याचा पाय प्लास्टरमध्ये असताना कुस्तीचं मासिक घरी आलं. ते दादा पडण्याआधीच छापून झालेलं. मुखपृष्ठावर शड्डू ठोकत उभा दादा, आणि पानांना शाईचा ताजा वास.

"त्याला दिसाय नको, चुलीत घाल," आई मला म्हणाली.

दादानं खाटेवरून हात पुढं केला. "आण हिकडं. ह्यात तरी मी हुबा हाय की."

तेव्हा वाटलं, दादा स्वतःला फसवतोय. आज फोनवर बोट फिरवतेय, पण भाचा कुठंच उभा दिसत नाही. प्रत्येक वेळी तो पडतोच.