मेथीच्या वाफ्यात अडलेला अर्ज

लातूरच्या मोठ्या भूकंपानंतर पुढे कित्येक वर्षे आमच्या भागातील जमीन अधूनमधून हादरत असे. मुखेडच्या तहसील कार्यालयासमोर बसून लोकांचे अर्ज लिहिणे हा माझा व्यवसाय. माझ्या मजकुरात साहेबलोक सहसा खोट काढत नाहीत. माझे स्वतःचे शिक्षण अर्धवट राहिले, म्हणून मुलीला मी लातूरला शिकवणीसाठी ठेवले होते, उंच इमारतीतील वरच्या खोलीत.

एका सकाळी मांडणीवरची भांडी खणखणली. लातूरचा फोन लागेना. मी परसात गेलो आणि खुरपे घेऊन मेथीच्या वाफ्यात बसलो.

"लेकराचा पत्ता न्हाई अन् तुम्ही खुरपून राहिलात?" पत्नी फोनजवळून म्हणाली.

मी मनात प्रार्थना रचत होतो. 'अर्जदार नम्रपणे विनंती करतो की' इथवर आलो आणि अडलो. अर्जासोबत पुरावा जोडावा लागतो. माझ्याजवळ भीतीखेरीज काही नव्हते. अखेर मजकूर सोडून दिला. गवताच्या मुळाशी खुरपे घालायचे, माती झटकायची, पुढे सरकायचे. हळूहळू छाती हलकी झाली. जिच्या धाकाने आम्ही कापत होतो, त्याच जमिनीवर मी सारा भार टाकून बसलो होतो.

दुपारी फोन वाजला. पत्नीने तो माझ्या मातीने भरलेल्या हातात दिला.

"हादरा व्हय?" मुलगी म्हणाली. "बाबा, सराव परीक्षा चालू होती. सर म्हणले, कुणी उठायचं न्हाई."

"मग?"

"कुणीच न्हाई उठलो. पेपर सोपा होता."

मी राहिलेले गवत काढायला परतलो. पण 'कुणी उठायचं न्हाई' हे आठवून आता गवताबरोबर मेथीही उपटली जाऊ लागली.