सरळ विचारणाऱ्या सिस्टर

नव्वदच्या दशकात मी लासुर्ण्याजवळच्या एका शाळेत शिकवत होते. आरोग्य केंद्रातल्या एक सिस्टर दर महिन्याला मुलं तपासायला यायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. वजन, डोळे झटपट उरकायच्या. नाडी बघताना मात्र मनगट धरून कितीतरी वेळ गप्पा मारायच्या. मला त्याचं नवल वाटायचं.

दहावीतल्या एका मुलीचं पोट सारखं दुखायचं. औषधांचा गुण येत नव्हता. सिस्टरांनी तिचं मनगट धरून हळूच विचारलं, "जीव नकोसा वाटतो का गं?"

मी दचकले. मुलगी रडत "व्हय" म्हणाली.

सिस्टरांनी तिला एकटं सोडलं नाही. संध्याकाळी तिच्याबरोबर घरी गेल्या, आईवडिलांना समजावलं, दुसऱ्या दिवशी तिला बारामतीच्या डॉक्टरांकडे नेलं. हळूहळू ती सावरली, पुढे कॉलेजातही गेली.

त्या दिवशी मी सिस्टरांना म्हटलं होतं, "असं विचारून भलतंच डोक्यात भरलं असतं तर?"

"इचारल्यानं डोकं भरत न्हाय, बाई. भरलेलं असतं, ते जरा रितं व्हतं."

त्यांची बदली झाल्यावर एका गप्प मुलाला मीच तसं विचारलं. त्यांच्यासारखंच त्याचं मनगट धरलं होतं. आणि तो बोलला.