सुई एक, तवे पाच

माह्या लग्नात पयली काठी बसली ते तव्यापायी. भाकरीचा नाई, ग्रामोफोनच्या बाजावर फिरते तो गान्याचा तवा.

आधीच दोन-तीन गावानं मले पोरगी देली नव्हती. हा काय बोलन याचा नेम नाई, म्हनत. सावली गावाकडच्या एका कास्तकारानं हो म्हनलं, तं आम्ही आरमोरीहून बैलबंड्या जुपून वरात नेली. सासऱ्याकडे चाबीचा बाजा होता अन् नागपूरच्या एकाच गानाऱ्या पार्टीचे पाच तवे. पन सुई एकच उरली होती. एका सुईत एकच तवा वाजन, बस.

"कोनता लावाचा? सांगा नवरदेव," सासरा कौतुकानं म्हने.

शहाना मानूस म्हनला असता, तुमच्या मनात येईन तो. पाचही गानी माह्या ऐकन्यातली, मी बाशिंग सावरून नंबर देत बसलो. पयला ढोलकीवाला, आंग हालते. दुसरा सवाल-जवाबाचा. तिसरा-चवथा जरा बसके, पन चालते. पाचवा सासऱ्याच्या मांडीवर होता, त्याच्या जिवाचा. त्याले म्हनलं, "हा शेवटी. हा तं मैताचा तवा, मामाजी. तिरडी बांधताना लावा."

सासरा ताडकन उठला.

"माह्या पोरीच्या मांडवात मैत काढते बे?"

साळ्यानं मांडवाचा बांबू उपटला अन् माह्या पाठीत घातला. माह्या काकानं साळ्याचं नाक फोडलं. मंग वऱ्हाडी, घरचे, वाजंत्री, सारे एकमेकाच्या उरावर. हाती आले ते तवेच मारले. ढोलकीवाला तवा एका म्हाताऱ्याच्या कपाळावर फुटला, काळ्या टिकऱ्या भुवईत रुतल्या, रगत भाताच्या पत्रावळीवर टपकून राह्यलं. मी बंडीखाली लपलो. तं कोनी पाय धरून वढलं अन् लाथा घातल्या. पाहतो तं काका.

"काका, मी नवरदेव हाय!"

"तुलेच मारून राह्यलो बे!"

साऱ्याइले दम लागला तेव्हा सासरा फाटल्या ओठानं बोलला, "ह्याले पोरगी देत नाई. जुपा तुमच्या बंड्या."

मी हात जोडले. तोंडात दात हालत होता, शब्द निघे नाई. पयल्यांदाच चूप होतो, अन् नेमका बोलाच्या वक्ताले.

घरातून नवरी निघाली, हळदीनं पिवळी. भावाच्या हातचा बांबू घेतला अन् माह्या कानशिलावर असा देला का एक डोळा जागीच बंद झाला.

"बाबा, आता लगन लावा," म्हने. "तवा मैताचाच हाय. मी रोज ऐकून राह्यली, पन सांगाची हिंमत कोनाची? बाकी याच्या तोंडाचं मी पाहून घेईन."

सासऱ्यानं ओठाचं रगत पुसलं. मंग भटजीले म्हने, "धरा अंतरपाट."

अंतरपाट खाली आला तं मले ती एकाच डोळ्यानं दिसली. लाजली-बिजली काई नाई. माह्या तोंडाकडे निरखून पाहत होती, अजून कुठी जागा उरली हाय का म्हनून.