वणीच्या व्हिसावाल्या मॅडम

पक्षकार समोर येऊन बसला की आमच्या मॅडम उठायच्या आणि त्याची खुर्ची उलटी फिरवायच्या. आता त्याची पाठ मॅडमकडे आणि तोंड सोबत आलेल्या आईकडे, नाहीतर बायकोकडे. "हं, या कागदात काय लिहिलं ते तुह्या मायले सांग," एवढं बोलून त्या खिडकीतून वणीच्या रस्त्यावरचे कोळशाचे ट्रक बघत बसायच्या. कान मात्र आत. घरचं कोणी सोबत नसेल तर पक्षकार आल्या पावली परत.

तुम्ही म्हणाल, ही कुठली वकिली? मीही तेच म्हणायचो. कोर्टासमोरच्या एका खोलीत आम्ही दोघं बसायचो. माझ्याकडे शेताच्या धुऱ्या-बांधांवरून भांडणारे भाऊ, त्यांच्याकडे परदेशात कामाला निघालेली पोरं. एजंटानं दिलेला करार वाचायचा, व्हिसा कसला आहे ते बघायचं, एजंटाची सरकारदरबारी नोंद आहे का ते तपासायचं. हे काम त्यांनी कधी अंगावर घेतलं कोण जाणे. मी त्यांना 'व्हिसावाल्या मॅडम' म्हणून चिडवायचो. पुढे मारेगावपासून लोक याच नावानं विचारत येऊ लागले, तेव्हा चिडवण्यातली मजाच गेली.

स्वभावानं खडूस. चहा मागवला तर एकच कप, तो स्वतःसाठी. पक्षकारानं जरा फुशारकी मारली की त्यांचं वाक्य ठरलेलं: "तुले काय काय येते ते नको सांगू. तू कोन आहे ते सांग."

याला कारण आमच्याकडची एक खोड. गॅरेजमधल्या माणसाला एकच काम येतं असं म्हणून बघा, तो दिवसभर तुमच्याशी बोलणार नाही. सगळं येणं हाच इथला मान. रफीक तसाच. खाणीतल्या डंपरचं इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखणारा, हातात जादू असलेला मेकॅनिक. नागपूरच्या एका एजंटानं त्याला विचारलं, काय काय येतं? यानं इंजिन, गिअरबॉक्स, वेल्डिंग, वायरिंग, टायर, वर गाडीही चालवतो, अशी सगळी माळ लावली. एजंटानं निवांतपणे करारात 'मदतनीस' लिहून टाकलं. व्हिसा काढला तो फिरायला जाणाऱ्यांचा. तिथं पोचल्यावर बदलून घेऊ, म्हणाला.

रफीकला त्यात काही खटकलं नाही. मोहल्ल्यात दावत झाली, हारतुरे झाले, मीही बिर्याणी हादडून आलो. त्याच्या अम्मीला मात्र चैन पडेना. ती त्याला धरूनच मॅडमकडे घेऊन आली.

खुर्ची फिरली. रफीक अम्मीला समजावू लागला, की व्हिसा तसा फिरण्याचा आहे, पण जायचं कामालाच आहे. अम्मीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घूमने जा रहा, तो औजार कायको बांधे?"

मॅडमनी खिडकीवरून नजर काढली. त्या एजंटाची नोंद कुठेच नव्हती, ते त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं. म्हणाल्या, "या कागदावर गेला तर तिथं तू चोरून काम करनारा. पकडला तर जेल. हात तुटला तर कोनी इचारनार नाही."

रफीक थांबला, पण मनातून फार चिडला. दावत खाऊ घालून घरीच राहिलेला माणूस म्हणजे सगळ्या पानठेल्यांना विषय. "काहून, गेला नाही का?" हे ऐकून ऐकून तो मागच्या गल्लीनं गॅरेजला जाऊ लागला. आमच्या खोलीसमोरून जायची वेळ आली तर मान फिरवायचा. फार ताणता तुम्ही, असं मी मॅडमना म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "त्याच्या हातात हुनर आहे, वकीलसाहेब. ते कागदावर दिसाले पायजे."

मग त्यांनी नोंद असलेला एजंट शोधला. रफीकची समजूत अम्मीनं काढली. नागपूरला कामाची परीक्षा होती. हा पुन्हा सगळी माळ लावेल या धास्तीनं मॅडम त्याच्यासोबत एसटीनं गेल्या, आणि माझं हायकोर्टात काम होतं म्हणून मीही. पत्र्याच्या शेडमध्ये एका अजस्र यंत्राचा पंप रफीकनं खोलला, एकेक भाग पुसून फडक्यावर मांडला, पुन्हा जोडला. यंत्र पहिल्या झटक्यात सुरू झालं. परीक्षक खूश होऊन म्हणाला, और क्या क्या आता है? रफीकचं तोंड उघडलं. मॅडम मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या.

"हेवी मशीन का मेकॅनिक हूं," रफीक म्हणाला. "बस."

करार आला तेव्हा त्यावरचं हे पद मॅडमनी मला पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं. त्या दिवशी चहाचे दोन कप आले. आपल्या वणीच्या पोराला परदेशात त्याच्या कामाच्या नावानं बोलावलं, याचा त्यांना झालेला आनंद मी पाहिलाय, आणि तो पाहायला मी तिथं होतो याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्या पहिल्या एजंटाकडून गेलेला एक पोरगा गेल्या वर्षी बापाच्या मातीलाही येऊ शकला नाही. त्याचा पासपोर्ट तिथल्या मालकाच्या कपाटात होता.

या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. आजार त्यांनी कुणाला सांगितला नव्हता, मलाही नाही. त्याचा राग मला अजून आहे. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी बसलो होतो, तर दारात रफीक. हातातली बॅग त्यानं बाहेरच ठेवली, आत आला आणि मॅडमच्या फोटोसमोर उभा राहिला.

इतक्या लवकर तिथल्या मालकानं कसा सोडला रे तुला, मी विचारलं.

त्यानं शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "पासपोर्ट माह्याजवळच राह्यते, साहेब. मॅडमनं करारात लिहून घेतलं होतं. खबर आली अन् निघालो."