छंद: भाषांतर

इंटरनेटवर माझं पहिलं बिऱ्हाड झालं, तेव्हा त्याचा पत्ता आमच्या घराण्याच्या वंशावळीपेक्षा लांब होता. तिरप्या रेघा, आकडे, प्रश्नचिन्ह, पुन्हा आकडे. भाषांतर करणाऱ्यांची माहिती देणारं कुठलंसं परदेशी संकेतस्थळ होतं, फुकटचं, आणि त्यावर माझं एक प्रोफाइल होतं. नाव, येणाऱ्या भाषा, केलेली कामं. फोटो नाही, वय नाही, बापाचं नाव नाही. मुलीला एवढंच विचारून गप्प बसणारं मला तोवर कुणी भेटलं नव्हतं, म्हणून ते पान मला फार आवडायचं.

भाषा मी हौसेनं शिकले नाही. आमचं गाव बेल्याकडचं, आदिलाबाद जिल्ह्यातलं, तेव्हाच्या आंध्रातलं. घरात मराठी, शेतात मराठी, आणि कचेरी तेलुगू. दादाला शिकायला यवतमाळला ठेवलं, मराठी शाळेत, वसतिगृहात. माझी वेळ आली तेव्हा बाबा म्हणाले, “पोट्टीले कुठं दूर धाडता?” आणि मला जवळच्या तेलुगू शाळेत घातलं. म्हणजे मला कमी द्यायचं म्हणून जे दिलं, तेच माझं भांडवल झालं. हिंदी कापसाच्या व्यापाऱ्यांमुळे आली. निजाम गेला तरी कचेरीतून त्याची उर्दू गेली नव्हती, ती नोटिशी वाचता वाचता आली. ऐंशीच्या दशकात, फ्रॉक घालायच्या वयात, मी गावाचे कागद वाचत होते. “बाई, काय लिवलं हाय पाह्य बरं,” म्हणत माणसं ओसरीवर यायची. मी मराठीत सांगायची. कुणी मूठभर शेंगा द्यायचं, कुणी नुसतंच डोक्यावर हात ठेवायचं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा मी आदिलाबादला एका छपाईच्या दुकानात संगणकावर मजकूर जुळवायचं काम करत होते. तिथे पुण्याच्या एका कंपनीचं पत्रक आलं. कपाशीवरच्या फवारणीचं. मूळ मराठी, आणि आंध्रात माल विकायचा म्हणून तेलुगू हवं होतं. पुण्यात कुणीतरी केलेलं भाषांतर सोबत होतं. ते इतकं पुस्तकी होतं की इचोड्याच्या बाजारात कुणी मोठ्यानं वाचलं असतं तर लोकांना मंत्र वाटले असते. मी ते पुन्हा केलं, शेतकरी बोलतो तशा तेलुगूत. पुण्याच्या कंपनीत हे काम पाहणाऱ्या मॅडमना आवडलं. मग दुसरं पत्रक आलं, तिसरं आलं. ते प्रोफाइलही त्यांनीच करायला सांगितलं होतं. एकदा फोनवर त्या वैतागून म्हणाल्या, “अहो, तुमच्या पानाचा पत्ता कुणाला सांगायचा म्हणजे अर्धा तास जातो. स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या ना.”

डोमेन म्हणजे इंटरनेटवरचं आपलं नाव. ते वर्षावर्षाचे पैसे भरून विकत घ्यायचं, आणि कुणी ते टाइप केलं की कुठलं पान उघडावं हे आपण ठरवायचं. घर भाड्याचं का असेना, पाटी आपली. पण पैसे भरायला लागायचं क्रेडिट कार्ड, आणि ते आमच्या अख्ख्या पंचक्रोशीत फक्त दादाकडे होतं. तो तोवर हैदराबादला संगणकाच्या कंपनीत लागला होता. दिवाळीला आला तेव्हा मी विषय काढला. तो लगेच हो म्हणाला. माझा दादा वाईट नाही, हे इथेच सांगून ठेवते, कारण पुढे ते सांगायची मला इच्छा होणार नाही.

बाबांनी एकच विचारलं, “कोनाच्या नावावर घ्याचं?”

“दादाच्या,” आई चुलीजवळून म्हणाली. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. शेताच्या मालकीचा पट्टा दादाच्या नावावर, गॅसची टाकी दादाच्या नावावर, माझी सायकल घेतली तिची पावतीसुद्धा दादाच्या नावावर. आमच्याकडे वस्तू कुणीही वापरो, ती असते थोरल्याची. तसं माझं नावही दादाच्या नावावर झालं. मालक तो, पासवर्ड त्याचा.

पण जोडून दिलं त्यानं. आदिलाबादच्या इंटरनेट कॅफेत मी माझं नाव टाइप केलं आणि वाट पाहत बसले. पडदा बराच वेळ कोरा राहिला, आणि मग माझं प्रोफाइल उघडलं. माझं नाव, माझ्या चार भाषा. मी खुर्चीत बसल्या बसल्या हसत होते. इतका आनंद मला नंतर लग्नातही झाला नाही, आणि हे मी रागानं म्हणत नाही. मी कार्डं छापली. प्रत्येक पत्रकाच्या बिलावर पत्ता म्हणून तेच नाव लिहू लागले.

उन्हाळ्याच्या तोंडी मॅडमनी सांगितलं की हंगामाचं सगळं काम एकाच माणसाला द्यायचं ठरतंय. पत्रकं, डब्यावरचे इशारे, सगळं. “मी साहेबांपुढे तुमचंच नाव ठेवणार आहे. मीटिंगमध्ये तुमचं पान उघडूनच दाखवते.” ते काम मिळालं असतं तर मी आदिलाबादला खोली घेणार होते. लग्नाचं पुढे पाहू, असं बाबांना सांगायची हिंमत त्या कामाच्या जोरावर येणार होती. माझं सगळं त्यावर होतं.

मग पुण्याहून काहीच आलं नाही. शेवटी मी बूथवरून फोन लावला.

“अहो, अभिनंदन करायचं राहूनच गेलं,” मॅडम म्हणाल्या. आवाज अवघडलेला होता. “तुमचं लग्न ठरतंय ना? आधी सांगायचं तरी. सगळ्यांसमोर तुमचं नाव टाकलं आणि तुमचा साडीतला फोटो आला. उंची, वर्ण, अपेक्षा. साहेब म्हणाले, ही मुलगी हंगामाच्या आत सासरी जाईल. काम आम्ही हैदराबादच्या एका गृहस्थांना दिलं.”

मी बूथमधून थेट कॅफेत गेले. नाव टाइप केलं. लग्न जुळवणारं एक संकेतस्थळ उघडलं, आणि त्यात मी होते. मावशीच्या लग्नातला फोटो, कुणाचातरी हार उसना घालून काढलेला. गहूवर्णी, गृहकृत्यदक्ष, मितभाषी. चार भाषा बोलणाऱ्या बहिणीला माझ्या सख्ख्या भावानं मितभाषी लिहिलं होतं. भाषांचा उल्लेख मात्र सगळ्यात खाली होता. छंद: भाषांतर.

रविवारी दादा गावी आला होता. मी ओसरीवरच त्याला गाठलं. त्याला काही चुकलंय असं वाटतच नव्हतं, उलट शाबासकीची वाट पाहत होता.

“अवं, तुह्यं नाव लोकाइले पाठ झालं होतं ना? मंग म्या तेच जोडून देल्लं. किती लोकं पाहून राह्यले, माहीत हाय?”

“दादा, ते लोकं मले काम द्याले येत होते!”

“काऊन चिडतं वं?” बाबा मधे पडले. “पोरीचं नाव लग्नाच्या कामी नाही आलं तं कोनत्या कामी येईन?”

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता परत जोड. दादा म्हणाला, “लगन जमलं का जोडून देतो. माह्याजवळच तं हाय, पळून चाललं का?” मी त्या दिवशी जेवले नाही. आईनं ताट झाकून ठेवलं, आणि बाकीच्यांनी पोटभर खाल्लं.

गंमत म्हणजे त्या पानावरून एकही स्थळ आलं नाही. लग्न जमवलं मामानं, बेल्याच्या बाजारात, बैल बघायला गेला असताना. नवरा नदीपलीकडचा, वणीकडचा. बोहल्यावर ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं. सगळ्यांनी ते वाचून टाळ्या वाजवल्या. आडनाव तर जाणारच होतं, आता पाळण्यातलं नावही गेलं.

पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा दादाही आलेला होता. चहा झाल्यावर मी त्याला म्हटलं, आता जोडून दे, लग्न झालं.

“ते तं म्या बंद केलं,” तो म्हणाला. “वर्ष संपलं होतं. पुन्हा कशाले पैसे भराचे? आता त्या नावाचं कोन हाय आपल्या घरी?”

त्यानं ते सहज म्हटलं. मला रडू आलं नाही.

तेवढ्यात बाबा आतून कागद घेऊन आले. कचेरीची नोटीस होती, आमच्या शेताची. तेलुगू, मधे मधे ते जुने उर्दू शब्द. “बरं झालं तू आली बाई. आठ दिवस झाले, वाचाले कोनी नाही. काय लिवलं हाय पाह्य बरं.”

त्यांनी मला माझ्या जुन्या नावानंच हाक मारली होती.

“शेत कोनाच्या नावावर हाय?” मी विचारलं.

“दादाच्या.”

“मंग ज्याच्या नावावर हाय त्यालेच वाचू द्या.”

मी कागद दादापुढे ठेवला आणि रिकाम्या कपबशा उचलल्या. दादानं तो हातात घेतला, वरून खालपर्यंत पाहिला, बाबांकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. मी दारात कपबशा धरून उभी होते. सगळं मला तिथूनच वाचता येत होतं, आणि मी मितभाषी होते.