आबांच्या काट्याचा पेन ड्राइव्ह

"ताई, कांद्याच्या गाड्या दारात उभ्या हायत, आन् काम्पुटर मुकाट बसलाय. लवकर या!"

फोन लोणंदच्या आबांचा. त्यांचा वे-ब्रिज आहे, म्हणजे अख्खी गाडी वर उभी करून तोलायचा काटा. माझं साताऱ्यात कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे आणि आबांचा कॉम्प्युटर माझ्या दुकानाहून वयाने मोठा. त्यातला वजनाचा प्रोग्राम फक्त डॉसवर चालतो. डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची सिस्टीम. काळा पडदा, माउस नाही, हुकूम टाइप करायचा आणि एंटर मारायचं.

जाऊन पाहिलं, तर हार्ड डिस्क गेलेली. काट्याच्या डिस्प्लेवर वजन दिसत होतं, पण छापील चिठ्ठी निघत नव्हती. चिठ्ठी नसेल तर व्यापारी कांद्याला हात लावत नाही. त्यात रस्त्यापलीकडे आबांच्या धाकट्या भावाने नवाकोरा काटा टाकलेला, रंगीत स्क्रीनचा. दोन गाड्या आमच्या डोळ्यांदेखत तिकडे वळल्या.

"बाजाराच्या दिवशी माझा काटा कवा बंद न्हवता," आबा म्हणाले. "आज गेलेलं गिऱ्हाईक परत यायचं न्हाई."

एरवी मिशीतल्या मिशीत हसणारा माणूस. त्याचा चेहरा पाहून मला खरंच वाईट वाटलं.

"नवीन कॉम्प्युटर घेऊ या का?"

"आवं ताई, गडी अजून खणखणीत हाय. निस्ती आठवण गेलीया त्याची."

असली जुनी हार्ड डिस्क लोणंदमध्ये कुठली मिळायला? मग पेन ड्राइव्हवरच डॉस टाकायचं ठरवलं. नुसत्या फाइल कॉपी करून भागत नाही. तो 'बूटेबल' करावा लागतो, म्हणजे सुरू होताना कॉम्प्युटरने हार्ड डिस्क सोडून त्याचं ऐकलं पाहिजे. लॅपटॉपवर त्यासाठीचं छोटं सॉफ्टवेअर असतं. पेन ड्राइव्ह फॉरमॅट केला, डॉस टाकलं, मागच्या सर्व्हिसिंगला घेतलेली प्रोग्रामची कॉपी टाकली. लॅपटॉपलाच लावून चालू करून पाहिलं. काळा पडदा आला, कर्सर लुकलुकायला लागला.

आबांच्या कॉम्प्युटरला लावला, तर ढिम्म. कुणाचं ऐकायचं त्या सेटिंगमध्ये पेन ड्राइव्हचं नावच नाही. काढला, फुंकर मारली, शेजारच्या पोर्टच्या खाचेत लावला. नाही. पुन्हा फॉरमॅट, पुन्हा डॉस, पुन्हा ढिम्म. आणखी एक गाडी पलीकडे गेली आणि मी डॉसला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

पेन ड्राइव्ह काढताना बोट लाल झालं. मोबाइलचा टॉर्च मारला. पुढचे दोन्ही पोर्ट हळदकुंकवाने गच्च भरलेले. आत अक्षताही होत्या.

"आबा, हे काय?"

"खंडेनवमीला पूजा करतो की. समद्या हत्यारांची."

"पण आत?"

"त्ये त्याचं तोंड न्हवं व्हय? दरसाली भरवतो. म्हणून तर इतकी वर्सं चाललाय!"

कॉम्प्युटर भिंतीपासून ओढला. मागचे पोर्ट कोरे करकरीत. देवाच्या पाठीला कोण कुंकू लावतं? तिथे पेन ड्राइव्ह लावला आणि चालू केलं. काळा पडदा आला, त्यामागून आबांचा प्रोग्राम. पहिली गाडी काट्यावर चढली, प्रिंटर करकरला, चिठ्ठी बाहेर आली.

आबांनी ती ड्रायव्हरला देण्याआधी रस्त्याकडे तोंड करून उंच धरली.

"दादा, म्हातारं उठलं व्हय?" पलीकडून भाऊ ओरडला.

"उठलं! गाड्या धाड माघारी!"

भाऊ हसला आणि खरंच एक गाडी हाताने इकडे वळवली.

मी सामान आवरतेय, तोवर आबा कुंकवाची डबी घेऊन हजर. मी पेन ड्राइव्हवर हातच ठेवला.

"आबा, ह्याला लांबून नमस्कार."

तेव्हापासून बंद कॉम्प्युटरचा फोन आला की मी आधी विचारते, पूजा कुठून केली होती? लोकांना वाटतं ताई देवभोळी आहे. वाटू दे.

दसऱ्याला आबांनी मोबाइलवर फोटो पाठवला. कॉम्प्युटर उलटा फिरवून ठेवलेला, पाठ लोकांकडे, आणि पेन ड्राइव्हला झेंडूचा एवढासा हार. खाली लिहिलं होतं, "कुंकू लावलं न्हाई. काटा चालू हाय."