लोकल फायबरचा लांब बोल्ट

देवपुरातल्या चुडामण मिस्त्रीकडे गाडी टाकायची म्हणजे आधी बोलणी खायची. चेनला तेल कधी दिलं, गाडी धुतली का नाही, सगळ्याची झाडाझडती. धुळ्यात बावीस वर्षं त्याचा हाच धंदा. तोंड फाटकं, पण हाताला गुण. म्हणून लोक मुकाट ऐकून घेत आणि पुन्हा त्याच्याकडेच येत.

किरणच्या स्पोर्ट्स गाडीचं पुढचं फायबर, म्हणजे इंजिनावरचा तो प्लास्टिकचा अंगरखा, पडून फुटलं होतं. "कंपनीनंच फायबर टाक," चुडामणने बजावलं. पण ते यायला महिना लागणार, आणि किरणला एवढा दम कुठला! तो जळगावहून लोकल माल उचलून घेऊन आला. रंग झकास, पण भोकं अर्धं बोट इकडेतिकडे. चुडामणने त्या माल बनवणाऱ्याचा उद्धार केला, कंपनीचा आखूड बोल्ट काढून लांब बोल्ट घातला आणि फायबर बसवलं. बसलं तेव्हा मनातून स्वतःवर खूशही झाला.

काम झालं की तो स्वतः गाडीवर बसायचा, पुढचा ब्रेक दाबून गाडी पाचसहा वेळा दणकावायचा. स्टँडवरची गाडी खोटं बोलते, असं त्याचं म्हणणं. वजन पडलं, शॉकअप दबला, की आतल्या नळ्या-वायरी जागा सोडतात. पण त्या सकाळी किरणची आई ताईबाई हळद-कुंकू घेऊन आली. तिने नारळ फोडला, गाडीला हार घातला आणि म्हणाली, "भाऊ, पूजा व्हयनी. आते पहिले मना किरणच बसी."

पूजेच्या गाडीवर धन्याआधी कसं बसायचं? चुडामणने स्टँडवरच हँडल डावी-उजवीकडे फिरवून पाहिलं. काही लागत नव्हतं. त्याने खोबरं तोंडात टाकलं. किरण धाकट्या बहिणीला, शीतलला, मागे बसवून शिरपूरच्या रस्त्याला लागला.

अर्ध्या तासाने पाने आवरताना तो आखूड बोल्ट चुडामणच्या हाताला लागला आणि एकदम त्याच्या ध्यानात आलं. लांब बोल्टचं टोक आत निघालं असणार. शेजारीच पुढच्या ब्रेकच्या ऑइलची नळी. दोघांचं वजन, त्यात ब्रेक दाबला की नळी वाकून थेट त्या टोकावर घासणार. नळी फुटली की ब्रेक गेला.

त्याने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. हेल्मेटात ऐकू येणार कसं! दुकान उघडंच टाकून त्याने आपली गाडी काढली.

असा तो आयुष्यात कधी भ्याला नव्हता. समोर ट्रकचे लाल दिवे लागले की त्याचा जीव गोळा होई. सोनगीरच्या अलीकडे माणसांची गर्दी दिसली. बघायचं धाडस होईना, अन् न बघता पुढेही जाता येईना. टेम्पोतले कांदे सांडले होते, एवढंच. कधी नव्हे ते त्याने देवाचं नाव घेतलं, पण ताईबाईचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना.

सोनगीरच्या पुढे चहाच्या टपरीपाशी लाल गाडी उभी दिसली. बहीणभाऊ शेजारी उभे राहून भजी खात होते.

"नाना, तुमी आठे?" किरण हसला.

"गाडीले हात लावू नको!" चुडामण ओरडलाच. मग आवाज खाली आणून म्हणाला, "चूक मनी शे. मी बसीसन तपासं नही."

त्याने फायबरखाली बोटं घातली. बाहेर आली ती ऑइलने ओली. किरणला खरं वाटेना. त्याने पुढचा ब्रेक दाबला. दांडी सरळ मुठीला जाऊन टेकली.

शीतलच्या हातातलं भजं तसंच राहिलं. भावाकडे बघत ती हळूच म्हणाली, "म्हनीसनच का रे भाऊ, त्या ट्रकमांगे गाडी थांबी नही राहिंती?"

किरणने ब्रेकची दांडी सोडली. चुडामण तिथेच रस्त्याकडेच्या मातीत खाली बसला.